एकच टॅरो कार्ड काढता? मग अर्थ लावताना या चुका टाळा

टॅरो म्हणजे ७८ चित्रकार्डांचा संच, म्हणजेच डेक. प्रश्न मनात धरून कार्ड काढायचं आणि त्यावरून अर्थ लावायचा. दहा कार्डांच्या मांडणीत एखाद्या कार्डाचा अर्थ चुकला तरी बाकीची नऊ सावरून घेतात. एकच कार्ड काढलं की तो आधार उरत नाही. समोर एक चित्र असतं आणि मनात एक प्रश्न, आणि जे काही उमजायचं ते या दोघांच्या मधूनच. शिकणाऱ्याला "आधी रोज एक कार्ड काढ" असं सांगतात ते यासाठीच, कारण त्यात लपायला जागा नसते.

सकाळच्या ठाणे-वाशी गाडीत डोकावून बघा. ठाणं सुटल्यापासून ऐरोली, घणसोली येईपर्यंत मोबाईलवर 'आजचं कार्ड' उघडून बसलेलं कुणी ना कुणी दिसतंच. माझ्याकडे नौपाड्यात शिकायला येणाऱ्यांचीही सुरुवात बहुधा अशीच झालेली असते. कार्डाखाली छापलेल्या दोन ओळी वाचायच्या, चांगल्या असल्या तर खूश, वाईट असल्या तर दिवसभर धास्ती. ही धास्ती मला मनापासून खटकते, कारण बहुतेक वेळा ती कार्डात नसते, वाचण्याच्या पद्धतीत असते.

गडबड प्रश्नापासूनच सुरू होते

"सिडकोच्या लॉटरीत आमचा नंबर लागेल का?" हा प्रश्न मी दर सोडतीच्या आधी ऐकते. सोडत संगणकावर निघते. तुम्ही घरी कुठलं कार्ड काढलं याचा तिच्याशी काही संबंध नाही, आणि त्या प्रश्नावर आलेल्या कार्डातून 'हो' किंवा 'नाही' ओढून काढायला गेलात तर फक्त स्वतःची इच्छा नाहीतर स्वतःची भीती हाती लागते.

तोच विषय वेगळा विचारून बघा. "घर लागलं तर ताबा मिळेपर्यंत घरभाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही चालवताना मी कशाकडे दुर्लक्ष करतेय?" आता समजा टू ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे दोन नाण्यांचं कार्ड, आलं. एक तरुण दोन नाणी झेलतोय, त्या नाण्यांभोवती आडव्या आठच्या आकाराचा पट्टा आहे आणि त्याच्या पाठीमागे समुद्रात उंच लाटांवर दोन जहाजं हेलकावतायत. तरुणाची नजर नाण्यांवर आहे, लाटांकडे त्याची पाठ आहे. आता विचारायला जागा मिळाली. दोन खर्चांची कसरत जमेलही, पण पाठीमागची लाट कोणती? नोकरीची अनिश्चितता, आईचं आजारपण, मुलाची फी? कार्ड आकडे सांगणार नाही, ते वहीत तुम्हीच मांडायचे. पण कोणता आकडा तुम्ही वहीत लिहायचं टाळत होता, तो इथे सापडू शकतो.

'त्याच्या मनात काय आहे' हा प्रश्नही एका कार्डाला विचारू नये. समोर नसलेल्या माणसाचं मन वाचण्याच्या नादात आपण आपल्या मनातलंच त्याच्या तोंडी घालतो. "त्याच्याशी बोलताना मी काय ऐकून घेत नाहीये?" एवढा बदल पुरतो.

चित्र न बघता अर्थाकडे धावणं

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. कार्ड पालथं असतानाच एक हात मोबाईलकडे गेलेला असतो.

आज सगळीकडे दिसणारा डेक १९०९ साली लंडनच्या रायडर कंपनीने छापला. गूढविद्येचे अभ्यासक आर्थर एडवर्ड वेट यांनी त्याची कल्पना मांडली आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने ७८ चित्रं काढली. त्याआधीच्या बहुतेक डेकांत मायनर अर्कानाच्या, म्हणजे काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी या चार गटांतल्या, एक्का ते दहा या कार्डांवर नुसती चिन्हं असायची. पाच पेले म्हणजे खरोखर पाच पेले, सुबक मांडलेले. पामेलाने मात्र त्यांतल्या जवळजवळ प्रत्येक कार्डावर प्रसंग उभा केला. तुम्ही हा डेक किंवा त्यावरून बेतलेला एखादा नवा डेक वापरत असाल, तर आधी वाचायचं ते चित्र. छापील अर्थ त्यानंतर.

फाइव्ह ऑफ कप्स घ्या. मोबाईल म्हणतो: दुःख, नुकसान, पश्चात्ताप. वाचणारा मान खाली घालतो. आता कार्ड हातात घेऊन दोन मिनिटं नुसतं बघा. काळ्या अंगरख्यातला माणूस तीन सांडलेल्या पेल्यांकडे बघत उभा आहे. पाठीमागे दोन पेले अजून उभे आहेत, ते त्याला दिसत नाहीत. समोर नदी वाहतेय. तिच्यावर पूल आहे, पलीकडे छोटी गढी. म्हणजे नुकसान झालं हे खरं, पण चित्रात त्याखेरीज उरलेलं आहे, वाट आहे, पोचायचं ठिकाण आहे, आणि एक वळायची राहिलेली मान आहे.

नोकरी गेलेल्या माणसाला हे कार्ड आलं तर उभे दोन पेले म्हणजे त्याचा अनुभव, त्याची माणसं. नातं तुटलेल्या बाईला आलं तर मी पुलाबद्दल लगेच बोलणार नाही. सांडलेल्याकडे बघायला वेळ लागतो, तो तिला घेऊ द्यावा. कार्ड तेच, आणि दोघांसाठी चित्राचा वेगळा कोपरा पुढे आला.

या कार्डाचा आणखी एक अर्थ मोबाईलवर क्वचितच दिसतो. स्वतः वेट यांनी इथे वारसा, वडिलोपार्जित मालमत्ता, पण अपेक्षेइतकी नाही, असं नोंदवलेलं आहे. नौपाड्यातल्या जुन्या इमारती रीडेव्हलपमेंटला जातायत, भावाबहिणींत वाट्यांवरून बोलणी चालू आहेत, अशा घरातून प्रश्न आला आणि फाइव्ह ऑफ कप्स निघालं तर हा जुना अर्थ नेमका बसतो. मिळालेल्या दोन पेल्यांकडे पाठ करून गेलेल्या तिनांचा हिशोब किती वर्षं करायचा, हे विचारायची हिंमत त्यामुळे होते.

घाबरवणारी कार्डं आणि भुलवणारी कार्डं

"ताई, पुढच्या आठवड्यात बाबांची बायपास आहे आणि डेथ आलंय." डेथ म्हणजे मृत्यूचं कार्ड. असा फोन आला की आधी मी कार्डाबद्दल बोलतच नाही. ऑपरेशनात धोका किती, बरं व्हायला किती दिवस, रक्ताची सोय करायची का, हे डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आहेत, आणि ते विचारून झालेत की नाही हे आधी बघते. कुणाच्याही मृत्यूबद्दल टॅरोवरून कधीच काही बोलू नये. हा नियम मी सवलतीशिवाय पाळते आणि शिकणाऱ्यांकडूनही पाळून घेते.

डेथचं चित्र तरी काय दाखवतं? पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला सांगाडा, हातात काळा झेंडा आणि झेंड्यावर पांढरं गुलाब. राजा खाली पडलाय, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, तरुणीने मान फिरवलीय, लहान मूल मात्र सरळ समोर बघतंय. दूर दोन बुरुजांच्या मध्ये सूर्य आहे. एक पर्व संपतंय आणि ते थांबवता येणार नाही, त्याला कोण कसं सामोरं जातंय, एवढं यात आहे. त्या फोनवरच्या मुलीच्या घरात खरंच एक पर्व संपत होतं. घरातले सगळे निर्णय घेणारे बाबा आता काही महिने आराम करणार होते. तिने प्रश्न बदलला, "या दिवसांत घरात माझी जागा काय?", आणि त्याच कार्डावर आम्ही पुढे बोललो.

नाइन ऑफ स्वॉर्ड्सचंही तसंच. बाई अंथरुणात उठून बसलीय, चेहरा तळव्यांत. सगळे म्हणतात संकट. पण चित्रात तिच्यावर कुणीही वार करत नाहीये. तलवारी मागच्या अंधारात ओळीने आडव्या आहेत, आणि अंगावरच्या गोधडीवर गुलाब आणि राशींची चिन्हं आहेत. ही रात्रीची चिंता आहे. अशा माणसाला झोपेबद्दल विचारा, घरात हे कुणाशी बोललाय का ते विचारा. टॉवर (कोसळणारा बुरूज) किंवा टेन ऑफ स्वॉर्ड्स (दहा तलवारी) दाखवून कुणी पैसे घेऊन उपाय करायला सांगत असेल, तर तिथून सरळ उठून या.

उलट बाजूची चूक कमी बोलली जाते. उलव्यात फ्लॅट बुक करायचाय, एस ऑफ पेंटॅकल्स (नाण्यांचा एक्का) आलं, झालं, टोकन दिलं! ढगातून आलेल्या हातावर नाणं आहे खरं, पण खाली बागेतून एक वाट कमानीकडे जाते आणि ती चालायची बाकी आहे. या प्रसंगात ती वाट म्हणजे महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक तपासणं, करार वकिलाला दाखवणं. सन, म्हणजे सूर्याचं कार्ड, आलं म्हणून कागद वाचायचे राहत असतील तर ते कार्ड डेथपेक्षा महाग पडेल.

किंग, क्वीन, नाइट, पेज

प्रत्येक गटात किंग, क्वीन, नाइट आणि पेज अशी चार माणसांची कार्डं असतात. किंग ऑफ स्वॉर्ड्स आलं की "हा माझा बॉस", क्वीन ऑफ कप्स आलं की "ही सासूबाई". माणूस शोधायची ही घाई जुनी आहे. वेट यांच्या काळात वॉन्ड्स (काठ्या), कप्स (पेले), स्वॉर्ड्स (तलवारी) आणि पेंटॅकल्स (नाणी) या चार गटांत माणसांची विभागणी केसांच्या आणि कातडीच्या रंगावरून करत. वॉन्ड्स म्हणजे पिवळ्या, तांबूस केसांची गोरी माणसं, पेंटॅकल्स म्हणजे काळ्या केसांची, गडद डोळ्यांची. हा नियम इथे लावला तर अख्खं ठाणं आणि नवी मुंबई पेंटॅकल्समध्येच जाईल. तो सोडून द्या. एकट्या आलेल्या राजा-राणीच्या कार्डाकडे वागण्याची एक तऱ्हा म्हणून बघा: या प्रश्नात मला किंग ऑफ स्वॉर्ड्ससारखं, भावना बाजूला ठेवून, स्पष्ट शब्दांत बोलायची गरज आहे का? की मी गरजेपेक्षा जास्तच तसं बोलतेय?

एका डेकचा अर्थ दुसऱ्या डेकला

कार्ड एका डेकचं आणि अर्थ दुसऱ्याचा, असं झालं की काही केल्या जुळत नाही. मार्सेय या जुन्या फ्रेंच पद्धतीच्या डेकांत जस्टिस हे कार्ड आठवं आणि स्ट्रेंग्थ अकरावं असतं, वेट यांच्या डेकात नेमकं उलट. गूढविद्येतले अलेस्टर क्रॉली आणि चित्रकर्ती फ्रीडा हॅरिस यांच्या थॉथ नावाच्या डेकात तर किंग नावाचं कार्डच नाही. तिथे नाइट सर्वांत वरचा, त्याच्याबरोबर क्वीन, प्रिन्स आणि प्रिन्सेस. थॉथमधल्या नाइटला रायडर-वेटमधल्या उतावळ्या नाइटचा अर्थ लावला की वाचन भरकटलंच. डेकबरोबर आलेली छोटी पुस्तिका फेकू नका.

उलटं कार्ड

उलट्या, म्हणजे चित्र डोक्यावर उभं असलेल्या, कार्डाचा अर्थ म्हणजे सुलट्याच्या बरोबर विरुद्ध, हे समीकरण सोडा. कधी तोच विषय दबलेला असतो, कधी लांबलेला, कधी बाहेर न दिसता आत चालू असतो. पण त्याआधी एक साधी तपासणी करा. पालथं कार्ड पुस्तकाचं पान उलटतो तसं आडवं उलटलं तर ते जसं होतं तसंच राहतं, खालच्या कडेने वर उचललं तर डोक्यावर येतं. अनेकांची 'उलटी' कार्डं निव्वळ या सवयीतून येतात. उलटी धरायची की नाही हे पिसण्याआधी ठरवा. कार्ड बघून ठरवलं तर तो सोयीचा अर्थ झाला.

कार्ड जुळतच नसेल तर

सर्वांत आधी हात आवरा. "समजलं नाही, आणखी एक काढते" म्हणत चार कार्डं जमली की पहिलं विसरलंच जातं, आणि शेवटी आवडलेलं तेवढं धरलं जातं.

त्याऐवजी प्रश्न कागदावर लिहा. मग चित्रात काय चाललंय ते फक्त क्रियापदांत सांगा: उभा आहे, वळलेला आहे, देतोय, मोजतोय, लपवतोय. विशेषणं आणि भाकितं नकोत. त्यानंतर स्वतःला चित्रात आलटूनपालटून उभं करा. सिक्स ऑफ पेंटॅकल्समध्ये एक श्रीमंत माणूस एका हातात तराजू धरून दुसऱ्या हाताने गुडघे टेकलेल्यांना नाणी देतोय. नोकरीत पगारवाढ मागायची का, या प्रश्नावर हे आलं तर पहिल्यांदा तुम्ही मागणारे असता. दुसऱ्यांदा देणाऱ्याच्या जागी उभं राहा: तुमच्या वेळेचं दान तुम्ही ऑफिसात कुणाकुणाला करताय? तिसऱ्यांदा तराजूकडे बघा: कामाचं मोजमाप कोण आणि कशावरून करतंय? तिन्हींपैकी एका जागी बहुधा कार्ड बोलू लागतं. नाहीच बोललं तर तारीख टाकून ठेवून द्या.

तेच कार्ड पुन्हा पुन्हा

याची फार धास्ती घेतली जाते, म्हणून थोडं गणित. ७८ कार्डांतून रोज नीट पिसून एक कार्ड काढलं तर आठवड्याभरात कुठलं तरी कार्ड दोनदा येण्याची शक्यता साधारण चारात एक असते. महिनाभर काढत राहिलात तर एखादं कार्ड पुन्हा येणार हे जवळजवळ नक्कीच. त्यामुळे हर्मिट (संन्याशाचं कार्ड) दोनदा आलं म्हणून काही मागे लागलंय असं समजू नका.

तीन-चार वेळा लागोपाठ आलं तर पिसणं तपासा. ठाण्याच्या पावसाळ्यात कार्डं दमट होतात, फुगतात, एकमेकांना चिकटून गठ्ठ्याने फिरतात आणि वरची पानं वरच राहतात. नव्या गुळगुळीत डेकचंही तेच होतं. सगळी कार्डं टेबलावर पालथी पसरा, दोन्ही हातांनी गोल गोल कालवा, मग गोळा करा. वापरून झाल्यावर डेक कोरड्या डब्यात ठेवा.

हे सगळं करूनही तेच कार्ड आलं तर वहीत मागच्या तारखेला काय प्रश्न लिहिला होता ते काढून आजच्या प्रश्नाशेजारी ठेवा. दोन्ही प्रश्न शब्द बदलून एकच निघाले, तर नवं कार्ड काढायच्या आधी मागच्या वेळी ठरवलेलं काम झालं का ते बघा.