सोसायटीत इंटरनेटची दुसरी वायर कशी आणावी

घोडबंदर रोडला आमच्या गेटबाहेरच्या दिव्याच्या खांबावर काळ्या केबलींची सात-आठ वेटोळी लोंबकळत असतात. बाहेर एवढ्या कंपन्या, आत मात्र चार वर्षं एकच. बिल्डरने ताबा देतानाच तिला आणून बसवलं होतं. लाइन गेली की चारही विंगमधले लोक मोबाइलचा हॉटस्पॉट लावून मीटिंगला बसायचे. फोन केला की उत्तर ठरलेलं, "काका, मेन फायबर कट झालाय, मेट्रोचं खोदकाम चालू आहे ना."

मोबाइलचा नंबर २०११ पासून देशभर पोर्ट करता येतो. घरच्या इंटरनेटला ती सोय नाही. कंपनी बदलायची म्हणजे नवी वायर घरात आली पाहिजे. त्यामुळे ठाण्यात किती कंपन्या आहेत याच्याशी तुमचा फारसा संबंध नाही, तुमच्या जिन्याशेजारच्या शाफ्टमधून किती जणींच्या वायरी वर चढतात याच्याशी आहे. आम्ही दुसरी वायर आणली, तिला पाच महिने लागले. त्यातले तीन चुकीच्या क्रमाने कामं केल्यामुळे गेले. बरोबर क्रम असा.

आधी मोजा

"नेट स्लो आहे" या वाक्यावर कोणीही काही करत नाही. आकडे लागतात. लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडा (वायफायवर मोजलेला वेग कंपनी मानत नाही, आणि तिचं बरोबर आहे). सकाळी सातला आणि रात्री साडेनऊला, असं आठवडाभर मोजून तारखेसकट लिहून ठेवा. रात्रीचा आकडा महत्त्वाचा, कारण घरोघरच्या फायबरमध्ये साधारण अडीच गिगाबिटची एक लाइन स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. सगळे एकदम मॅच बघायला बसले की वाटणी कळते.

दोन गोष्टी ध्यानात असू द्या. १०० एमबीपीएसच्या लाइनवर डाउनलोड सेकंदाला १२.५ एमबीनेच होतो (प्लॅन बिटमध्ये मोजतात, डाउनलोड बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट), त्यात फसवणूक नाही. आणि "हे ब्रॉडबँडच नाही" असा वाद घालू नका. सरकारी व्याख्येत २०२३ पासून किमान वेग फक्त २ एमबीपीएस आहे, त्या आधी ५१२ केबीपीएस होता. भांडायचं ते बिलावर लिहिलेल्या प्लॅनवरून.

शाफ्ट उघडून बघा

हे काम सगळे टाळतात, आणि सगळी गोम इथेच असते. सोसायटीचा वायरमन आणि टॉर्च घेऊन जा. आमच्या बी विंगचा शाफ्ट उघडला तेव्हा आधी कबुतराचं घरटं निघालं. मग जुन्या केबल टीव्हीच्या जाड काळ्या वायरी, कुठेच न जोडलेल्या. चौथ्या मजल्यावर स्प्लिटरचा डबा झाकणाशिवाय उघडा, त्यातून केसाएवढ्या फायबरी बाहेर आलेल्या. आणि खाली, मीटर रूमशेजारी, जमिनीतून वर येणारा एकच चार इंची पाइप. तो त्या मेलेल्या वायरींनी गच्च भरला होता. दुसरी कंपनी दोनदा "फिजिबल नाही" सांगून का परत गेली, ते तेव्हा कळलं. कोणी अडवलं नव्हतं, आत यायला वाटच नव्हती.

फोटो काढा. मेलेल्या वायरी काढण्याआधी संबंधित केबलवाल्याला लेखी कळवा, नाहीतर चालू वायर कापली जाते. आमची कापली गेली. सी विंगच्या पाटीलकाकूंनी दोन दिवस फोन उचलला नाही.

कागद वाचा

सेक्रेटरीकडून बिल्डरच्या हस्तांतरणाची फाइल मागा. त्यात इंटरनेट कंपनीशी करार आहे का, त्याची मुदत किती, "एक्सक्लुझिव्ह" असा शब्द आहे का, ते बघा. बऱ्याचदा करारच नसतो, नुसती तोंडी समजूत असते आणि सगळे ती करार समजून चालतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात सरकारी आणि पालिकेच्या जागेवरून केबल नेण्याची परवानगी भेदभाव न करता, शक्यतो एकाचीच मक्तेदारी होणार नाही अशी द्यावी, असं म्हटलं आहे. सोसायटीची जागा खासगी, तिथे करारच चालतो. म्हणून पुढचा करार तुम्ही लिहा.

यादी घेऊन कंपनीकडे जा

एकट्याने चौकशी केली तर कॉल सेंटर पिनकोड विचारून गप्प होतं. पंचवीस फ्लॅटची नावं आणि सध्याचं बिल लिहिलेली यादी पाठवली तर दुसऱ्या दिवशी माणूस दारात येतो. मोठ्या कंपन्यांबरोबर लोकल केबलवाल्यालाही विचारा. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत त्याची सेवा कधी कधी मोठ्यांपेक्षा बरी असते, कारण तो दोन गल्ल्या पलीकडे राहतो आणि भाजी घेताना भेटतो. सरकारी वायरही विसरू नका. एमटीएनएलचं क्षेत्र मुंबईपुरतं नाही, ठाणे आणि नवी मुंबई त्यातच येतात. खिडकीबाहेर अँटेना लावून मिळणारं फाइव्ह-जीचं इंटरनेट तात्पुरतं ठीक, पण समोर उंच इमारत उभी राहिली की सिग्नलचा भरवसा नाही.

दर विचारताना १८ टक्के जीएसटी धरून विचारा. "अनलिमिटेड"च्या खाली बारीक अक्षरात बहुतेक महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते. एका घराला ती पुरून उरते, घरून क्लास चालवणाऱ्याने मात्र बघावी.

पाइप सोसायटीचा, वायर कंपनीची

स्टॉकहोम महापालिकेने १९९४ मध्ये स्वतःची कंपनी काढली, स्टोकाब. ती घरोघर इंटरनेट विकत नाही. शहराखाली फायबर टाकते आणि मागेल त्या कंपनीला भाड्याने देते. स्पर्धा वरच्या सेवेत होते, रस्ता एकदाच खोदला जातो. केरळ सरकारने २०२३ मध्ये केफॉन हे स्वतःचं फायबरचं जाळं सुरू केलं, त्यातही घरापर्यंतचा शेवटचा टप्पा स्थानिक केबलवाल्यांकडे दिला. आपली पालिका पाण्यासारखी घरात इंटरनेटची लाइन देत नाही. कधी देईल याची वाट बघत बसण्यापेक्षा गेटच्या आतलं स्टॉकहोम आपल्याला करता येतं.

आम्ही गेटपासून प्रत्येक विंगपर्यंत दोन रिकामे पाइप टाकले, खर्च सोसायटीने केला. मग एनओसीत अटी घातल्या: पाइप सोसायटीचा, कोणाही एका कंपनीचा हक्क नाही, डब्यावर कंपनीचं नाव आणि फोन नंबर हवा, सेवा बंद केली तर तीस दिवसांत वायर काढून न्यायची, विजेचा सबमीटर वेगळा. भाडं थोडंच ठेवा. कमिटीतल्या एकांना यातून उत्पन्न काढायचं होतं; तसं केलं की छोटा केबलवाला येत नाही आणि मोठी कंपनी ते आपल्याच बिलातून वसूल करते.

ठराव कमिटीत घ्या, आणि खर्च मोठा असेल तर सर्वसाधारण सभेत. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते, पण तिची वाट बघू नका. गेटबाहेर रस्ता खोदावा लागणार असेल तर पालिकेची परवानगी कंपनीने काढायची असते आणि पावसाळ्यात ती मिळत नाही. म्हणजे होळीच्या आसपास कामाला लागा.

बदलताना

नवी लाइन आली की जुनी लगेच तोडू नका, पंधरा दिवस दोन्ही चालू ठेवा. जुन्या कंपनीने बंद करायला टाळाटाळ केली तर तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. त्यावर समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, तेही फुकट. त्यानंतर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

राउटर परत देताना त्याच्यामागचा सिरियल नंबर पावतीवर लिहून घ्या. आमच्याकडे चौघांनी वॉचमनकडे डबे ठेवले, न्यायला आलेल्या पोराने सही न करताच ते नेले, आणि दोन महिन्यांनी चौघांनाही राउटरच्या किमतीचं बिल आलं.