सबस्ट्रेट वाढवला की एन्झाइमचा वेग किती वाढतो, घरी बटाट्यावर कसं बघायचं

एन्झाइम म्हणजे रासायनिक क्रिया झपाट्यानं घडवणारं प्रथिन आणि ते ज्या पदार्थावर काम करतं तो सबस्ट्रेट. सबस्ट्रेट वाढवत नेला की वेग कसा बदलतो तो ग्राफ बारावीच्या पोरांना पाठ असतो, आधी चढतो मग आडवा होतो, पण आडवा का होतो विचारलं की गप्प. एकदा स्वतःच्या हातानं काढला की विसरत नाही बघा, आणि त्याला लॅब पण लागत नाही.

आधी कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाऊन उभं राहा, तिथं म्हशीची धार थेट गिऱ्हाईकाच्या ग्लासात काढतात. धार काढणारा एकच धरा. गिऱ्हाईक अधूनमधून येतंय तोवर तो रिकामाच बसलेला, त्यामुळं गिऱ्हाईक दुप्पट झालं की ग्लासही दुप्पट जातात. पण एकदा रांग लागली की रांगेत १० असोत नाहीतर ५०, मिनिटाला भरायचे तेवढेच ग्लास भरणार, कारण हात मोकळाच नाही. एन्झाइमच्या अॅक्टिव्ह साइटचं, म्हणजे सबस्ट्रेट जिथं येऊन बसतो त्या जागेचं, अगदी हेच होतं, सगळ्या साइट भरल्या की आलेला वेग म्हणजे व्ही-मॅक्स.

आता करायला घ्या. केमिस्टकडून ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, १०० मिलीची बाटली पुरते, डोळ्यांत आणि कपड्यांवर उडू देऊ नका. एक बटाटा किसून त्यात अर्धी वाटी गार पाणी घाला आणि फडक्यातून पिळून रस काढा. यात कॅटालेज नावाचं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, म्हणजे इथं पेरॉक्साइड हाच सबस्ट्रेट. पंचिंग मशीननं फिल्टर पेपरच्या एकसारख्या टिकल्या पाडा.

सहा काचेचे ग्लास घ्या, सारख्या मापाचे, कारण प्रत्येकात उंची सारखी पाहिजे. सिरिंजनं पेरॉक्साइड १, २, ४, ८, १२ आणि २० मिली घाला आणि पाण्यानं प्रत्येक ग्लास २० मिली करा, म्हणजे ०.३, ०.६, १.२, २.४, ३.६ आणि ६ टक्के झालं. टिकली रसात बुडवायची, जादाचा रस टिपायचा, चिमट्यानं ग्लासच्या तळाला सोडायची आणि लगेच मोबाइलवर स्टॉपवॉच चालू. ऑक्सिजनचे बुडबुडे चिकटले की ती वर येते, वर आली की वेळ लिहा आणि टिकली काढून टाका. १ भागिले सेकंद हा तुमचा वेग. प्रत्येक ग्लासात तीन टिकल्या, मग सरासरी. एक टिकली उकळलेल्या रसाची पण सोडून बघा, ती तळालाच बसली पाहिजे.

बरेच जण इथं फेस किती आला ते शेवटी मोजतात आणि गाडी तिथंच चुकते. पेरॉक्साइड जास्त म्हणजे शेवटी ऑक्सिजन जास्त येणारच, त्यात एन्झाइमच्या वेगाचं काही कळत नाही, ग्राफ सरळ रेषेत जातो आणि पोरगं म्हणतं पुस्तक चुकीचं आहे. आपल्याला सुरुवातीचा वेग पाहिजे, सबस्ट्रेट अजून संपायला लागलेला नसतानाचा, म्हणून टिकलीची पद्धत मला आवडते. रस सगळीकडं तोच, आणि सगळं एकाच बसणीत उरका, सकाळी अर्धं आणि मे महिन्याच्या दुपारी अर्धं केलं तर तापमानानंच आकडे बदलतात.

१९१३ मध्ये मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी इन्व्हर्टेजवर हे गणितात बसवलं. इन्व्हर्टेज म्हणजे साखर फोडणारं एन्झाइम, ते उसात पण असतं, तोडलेला ऊस कारखान्याच्या दारात ताटकळला की साखर उतरते त्यात याचा हात आहे. त्यांच्या हिशोबात वेग व्ही-मॅक्सच्या निम्मा होतो तिथलं कॉन्सन्ट्रेशन म्हणजे के-एम. के-एमच्या ९ पट सबस्ट्रेट घातला तेव्हा कुठं ९० टक्के वेग मिळतो, म्हणून ग्राफ एकदम आडवा होत नाही, हळूहळू वाकत जातो. रस दुप्पट दाट केला म्हणजे धार काढायला दुसरा माणूस बसवला, व्ही-मॅक्स दुप्पट, के-एम मात्र तिथंच.

६ टक्क्यांचा वेग आधीच्यापेक्षा कमी आला तर तो आकडा खोडू नका. पेरॉक्साइड जास्त झालं की कॅटालेजच निकामी व्हायला लागतं, तेव्हा आला तसा बिंदू काढा आणि शेजारी हे कारण लिहा.