मेंढा कधी सोडायचा, ते दिवाळीच्या सुट्टीवरून ठरवा

रोहिणी लागल्यात, मृग तोंडावर आहे आणि १५ जूनच्या आसपास शाळेची घंटा वाजेल. जत, आटपाडी, माण, खटाव या भागात ज्यांच्या घरी मेंढरं आहेत आणि नोकरी शाळेत आहे, त्यांनी वर्षातला सगळ्यात मोठा निर्णय आत्ताच घ्यायचा असतो: कळपात मेंढा कधी सोडायचा.

मी जत तालुक्यात शिकवते. घरी माडग्याळ जातीच्या तीसेक मेंढ्या आहेत. आमचा मेंढा पूर्वी बारा महिने कळपातच असायचा, त्यामुळे कोकरं कधीही यायची, अगदी परीक्षेच्या दिवशीसुद्धा. पहिलारू मेंढी दुपारी व्यायली, तिनं कोकराला जवळ घेतलं नाही, सासूबाई बाकीची मेंढरं घेऊन रानात होत्या, आणि संध्याकाळी मी घरी येईपर्यंत ते उपाशीच गेलं. असं दोनदा झाल्यावर मी शाळेच्या सुट्ट्यांची यादी घेऊन उलटा हिशेब मांडला.

मेंढीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. ५ जूनला मेंढा सोडला तर पहिली कोकरं २ नोव्हेंबरच्या आसपास येतात. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे गर्दीचे दिवस सुट्टीत येतील. गाभण न राहिलेली मेंढी सुमारे १७ दिवसांनी पुन्हा माजावर येते, म्हणजे मेंढा घ्यायला तयार होते, म्हणून दोन माज धरून ३५ दिवस मेंढा ठेवायचा आणि मग बाजूला बांधायचा. इथे माया करू नका, नाहीतर वेतं पुढं जानेवारीपर्यंत रेंगाळतात. पंचवीस-तीस मेंढ्यांना एक जवान मेंढा पुरतो, फक्त तो आपल्याच कळपात जन्मलेला नसावा.

दिवसा आपण घरी नसतो, मग कोणत्या मेंढीला मेंढा कधी लागला हे कसं कळणार? मेंढ्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावा, दर दोन-तीन दिवसांनी नव्यानं. संध्याकाळी जिची पाठ लाल दिसेल तिचा नंबर आणि तारीख वहीत लिहा. त्यात १५० दिवस मिळवले की वेताची तारीख हाती येते.

उन्हाळी सुट्टी मोठी म्हणून काहीजण मे महिन्यात वेत आणतात. माझं मत साफ आहे, आपल्या दुष्काळी भागात ते नको. तेव्हा रानात काडी नसते, आईला दूध उतरत नाही आणि कोकरू उन्हानं हैराण होतं.

मेंढा सोडण्याआधी तीन आठवडे मेंढीला रोज २०० ते २५० ग्रॅम मक्याचा भरडा द्यायचा असतो. सुरू केला नसेल तर आजच करा आणि मेंढा हवं तर आठ दिवस उशिरा सोडा. हडकुळी मेंढी नीट माजावर येत नाही.

आता पहिल्या पावसानंतरच्या चराईचं. शाळेत जायच्या घाईनं सकाळी सातलाच मेंढरं सोडायचा मोह होतो. तो टाळा. ओल्या गवताच्या शेंड्यावर जंताच्या अळ्या असतात, त्या दव वाळल्यावर खाली उतरतात. शिवाय उपाशी पोटी कोवळं हिरवं अधाशासारखं खाल्लं की आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष तयार होण्याचा रोग, होतो, आणि त्यात धडधाकट, गुटगुटीत कोकरूच पहिलं जातं. म्हणून सकाळी कडबा किंवा भुसकट आपण घालून जायचं आणि नऊ-साडेनऊनंतर घरच्या माणसानं कळप सोडायचा. आंत्रविषाराची लस पाऊस लागण्याआधी घ्या. पहिल्यांदाच टोचत असाल तर १४ दिवसांनी दुसरा डोस लागतो. जंतनाशक डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे. शनिवारी सकाळची शाळा असेल तर लसीकरण दुपारी ठेवा, म्हणजे रविवारी मेंढरांवर नजर राहते. खुरंही तेव्हाच बघून घ्या.

दिवसा कळप बघणाऱ्या माणसाला पूर्ण अधिकार द्या. डॉक्टरांचा नंबर आणि थोडे पैसे त्याच्याकडेच असू द्या. सासूबाईंना मी आधी प्रत्येक गोष्टीसाठी फोन करायला लावायचे आणि वर्गात फोन उचलता यायचा नाही. ती माझी मोठी चूक होती.

सप्टेंबरच्या मध्यापासून गाभण मेंढ्यांचा खुराक पुन्हा सुरू करा, शेवटचे सहा आठवडे पोटातलं कोकरू झपाट्यानं वाढतं. ऑक्टोबरअखेर वाड्याचा एक कोपरा कोरडा करून ठेवा आणि नाळेला लावायला आयोडीन आणा. कोकरू जन्मलं की तासाभरात चीक त्याच्या पोटात गेलाच पाहिजे.