सिरोसिसमध्ये बीटा ब्लॉकरची गोळी घरी कशी सांभाळायची
सिरोसिस झालं (म्हणजे लिव्हर कडक होऊन खराब झालं) की पोर्टल व्हेनमधलं, म्हणजे लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेतलं, प्रेशर वाढतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटल्या तर रक्ताची उलटी होते, म्हणून डॉक्टर हे प्रेशर कमी करणारी बीटा ब्लॉकरची गोळी, म्हणजे कार्वेडिलॉल नाहीतर प्रोप्रॅनोलॉल, देतात. कार्वेडिलॉल बहुतेकदा ६.२५ मिग्रॅपासून सुरू करून १२.५ पर्यंत नेतात, डोस मात्र डॉक्टरच ठरवणार. गोळी जेवणासोबतच घ्या, उठताना चक्कर कमी येते. रोज बीपी आणि नाडी वहीत लिहा, वरचं बीपी ९० च्या किंवा नाडी ५० च्या खाली गेली तर लगेच डॉक्टरांना फोन करा. बरं वाटतंय म्हणून गोळी अचानक बंद करू नका प्लीज! दमा असेल तर आधीच सांगा. अंगदुखीला ब्रुफेन, डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नका. डांबरासारखी काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली तर सरळ कॅज्युअल्टी गाठा.