मूनचा दगडी क्रूस नाशिककरांनी कसा पाहावा

मुलाकडे किंवा लेकीकडे आयर्लंडला जाणाऱ्या नाशिककरांच्या कार्यक्रमात डब्लिन आणि पश्चिमेचे समुद्रकडे हमखास असतात. त्यातला एक दिवस किल्डेअर परगण्यातील मून या लहानशा गावासाठी राखावा. व्हिसा काढताना लक्षात ठेवावे, की आयर्लंड शेंगेन गटात नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसावर तिथे प्रवेश मिळत नाही. डब्लिनहून मोटारीने साधारण तासाभरात मून येते. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. स्वतः गाडी चालवणार असाल, तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना नाशिकच्या आरटीओकडून आधीच काढून घ्यावा.

पडक्या मठाच्या चर्चमध्ये उभा असलेला हा ग्रॅनाइटचा क्रूस पाच मीटरहून उंच, पण अंगाने सडपातळ आहे. त्याचा तळ आणि माथा 1835 मध्ये सापडला आणि मधला खांब 1893 मध्ये. म्हणजे आज जो सलग दिसतो, तो पुन्हा जुळवलेला आहे. आत गेल्यावर नजर आपोआप वर जाते, परंतु खरी गोष्ट तळाशी कोरलेली असल्याने पाहणे तिथूनच सुरू करावे.

वीरगळ आपण खालून वर वाचतो : आधी लढाई, मग अप्सरांसह स्वर्गारोहण आणि सर्वांत वर शिवपूजा. इथे ती सवय बाजूला ठेवावी लागते. तळाच्या पूर्व बाजूला सर्वांत वर आदाम व हव्वा, मध्ये इसहाकाचे बलिदान आणि खाली सात सिंहांमध्ये उभा दानीएल आहे. बायबलमधील क्रमही तोच. पश्चिमेला वधस्तंभावरील येशूच्या खाली त्याचे बारा प्रेषित, म्हणजे मुख्य शिष्य, चार-चारच्या तीन ओळींत उभे आहेत. चौकोनी अंगांचे आणि मोठ्या डोळ्यांचे हे प्रेषित लहान मुलाने काढल्यासारखे वाटतात. मला तरी या क्रूसावर तेच सर्वाधिक आवडतात. सिन्नरच्या गोंदेश्वराचे कोरीवकाम पाहिलेल्या डोळ्यांना हे काम आधी ओबडधोबड वाटेल, पण भरड कणांच्या ग्रॅनाइटमध्ये बारीक दागिने आणि वस्त्रांच्या चुण्या कोरणे फार कठीण असते, हे ध्यानात घेतले की त्या कारागिराने थोड्या रेषांत किती साधले ते कळते.

दक्षिण बाजूवर येशूच्या चमत्काराच्या गोष्टीतील पाच भाकरी आणि दोन मासे शोधावेत. उठाव पुसट वाटला, तर विजेरी समोरून न धरता कडेने तिरपी धरावी, म्हणजे सावल्या पडून आकृती सुटी होते. ही युक्ती आधी पांडवलेण्यांत करून पाहता येईल. खडू फिरवणे किंवा कागद ठेवून पेन्सिल घासणे मात्र पूर्ण टाळावे.

वेळ उरल्यास तसेच दक्षिणेला कॅसलडरमॉटपर्यंत जावे. तिथे ग्रॅनाइटचे आणखी दोन क्रूस आणि एक गोल मनोरा आहे. उत्तरेकडील क्रूसावर आदाम व हव्वा पुन्हा भेटतात, फक्त इथे त्यांना तळाऐवजी माथ्याच्या मध्यभागी जागा मिळाली आहे.