अणुकराराची बातमी गावात कशी वाचून दाखवावी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी पेपर मोठ्याने वाचला जातो. वीस वर्षांपासून हे वाचन मीच घेते. पंतप्रधान परदेशात गेले किंवा परदेशातलं कुणी दिल्लीला आलं की 'ऊर्जा सहकार्य' आणि 'नागरी अणुऊर्जा' हे शब्द पहिल्या पानावर येतात. मग मागच्या बाकावरून ठरलेला प्रश्न येतो, "ताई, मंग आपल्या डीपीवर दिवसाची लाइन कधी येते?"

डीपी म्हणजे शेताजवळचा विजेचा ट्रान्सफॉर्मर, लाइन म्हणजे वीज. हा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि बातमी नीट वाचली तर त्याचं उत्तरही देता येतं. पण परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना क्लासवाले तारखा पाठ करायला सांगतात. व्हॉट्सॲपवर 'देशाचा फायदा की तोटा' एवढंच विचारलं जातं. दोन्हीतून हाती काही लागत नाही. मी कसं वाचते ते सांगते.

१. मूळ निवेदन काढा. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संयुक्त निवेदन पूर्ण मिळतं. त्यातले ऊर्जेचे परिच्छेद तेवढे छापून घ्या.

२. बातमी कोणत्या पायरीवर आहे ते शोधा. सगळं इथेच अडतं, आणि मीही इथेच चुकले होते.

ऑक्टोबर २००८ मध्ये भारत-अमेरिका अणुकरारावर सह्या झाल्या. त्याआधी जुलैमध्ये याच करारावरून डाव्या पक्षांनी केंद्र सरकारचा पाठिंबा काढला होता. लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर चर्चा झाली, तिच्यात आपल्याच जिल्ह्यातल्या एका शेतकरी महिलेचा उल्लेख झाला होता. त्यामुळे गावाला ही बातमी घरची वाटत होती. त्या वर्षांत लोडशेडिंग भयंकर होतं. मी भर वाचनात सांगून टाकलं की करार झाला आहे, चार-पाच वर्षांत दिवसा वीज येईल. आमच्या एका कास्तकार काकांनी माझ्या शब्दावर डिझेल इंजिन विकलं. पुढच्या हिवाळ्यात ऐन घाटे भरताना मोटरची लाइन गेली, ओलित झालं नाही आणि हरभरा वाळला. काका मला एका शब्दानेही बोलले नाहीत. मी मात्र त्यानंतर पायरी तपासल्याशिवाय अशी एकही बातमी वाचलेली नाही.

पेपरात प्रत्येक वेळी 'करार' असाच शब्द येतो, पण करार-करारात फरक असतो. 'स्वागत केलं', 'शक्यता तपासण्यावर सहमती झाली' ही खालची पायरी. तिथे फक्त बोलणी झालेली असतात. त्यानंतर सामंजस्य करार. एप्रिल २०२५ मध्ये महानिर्मिती ही राज्याची वीजनिर्मिती कंपनी आणि रशियाची सरकारी अणुकंपनी रोसाटॉम यांच्यात थोरियमवर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीसाठी झाला, तो या प्रकारातला. त्यात इच्छा लिहिलेली असते, वीज विकत देण्याचं बंधन नसतं. तिसरी पायरी दोन सरकारांमधल्या कराराची. हा करार म्हणजे व्यापाराची परवानगी. परवानगी मिळाली म्हणजे माल आला, असं धरू नका.

सही झाली त्याच दिवशी करार लागू होतो, असंही नाही. जपानशी ११ नोव्हेंबर २०१६ ला टोकियोत सही झाली, पण करार अमलात आला २० जुलै २०१७ ला. अमेरिकेच्या करारात तर सहीच्या आधीच तीन वर्षं गेली. १८ जुलै २००५ ला मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांचं संयुक्त निवेदन आलं. मग लष्करी आणि नागरी अणुभट्ट्या वेगळ्या करण्याचा आराखडा झाला. ऑगस्ट २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने तपासणीच्या कराराला मान्यता दिली. सप्टेंबरमध्ये अणुपुरवठादार गटाच्या, म्हणजे अणुइंधन आणि यंत्रं विकणाऱ्या ४५ देशांनी भारताशी व्यापार करायला सूट दिली, तेव्हा कुठे १० ऑक्टोबरला दोन्ही देशांचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी आणि कोंडोलिझा राइस यांनी सह्या केल्या. इतकं होऊनही आंध्रातल्या कोव्वाडा इथल्या नियोजित सहा अमेरिकी भट्ट्यांपैकी एकही उभी राहिलेली नाही.

चौथी पायरी कंपन्यांची, आणि सगळ्यात जास्त फसगत इथे होते. आपल्याच राज्यातलं, रत्नागिरी जिल्ह्यातलं जैतापूरचं नियोजित अणुकेंद्र घ्या. फ्रान्सशी सरकारी करार सप्टेंबर २००८ मध्ये झाला. डिसेंबर २०१० मध्ये भारतीय अणुऊर्जा महामंडळ आणि फ्रान्सच्या अरेवा कंपनीचा चौकट करार झाला. मार्च २०१८ मध्ये फ्रान्सच्याच ईडीएफ कंपनीशी पुढच्या वाटचालीचा करार झाला. एप्रिल २०२१ मध्ये ईडीएफने तांत्रिक आणि व्यावसायिक प्रस्ताव दिला. चारही वेळा आमच्या बाकांवर 'जैतापूर झालं' असं बोललं गेलं. खरं म्हणजे वीज कोणत्या दराने मिळेल, कर्ज कोण देईल, काम लांबलं तर भुर्दंड कुणाचा, हे ठरून अंतिम करार झाल्याशिवाय ही पायरी संपतच नाही. बातमीत प्रतियुनिट दर दिलेला नसेल तर ती या पायरीच्या अलीकडची आहे असं समजा. मी हा नियम कडकपणे पाळते.

पाचवी पायरी काँक्रीटची. पायाचं पहिलं काँक्रीट पडल्याची तारीख मिळाली की मगच वर्षं मोजायला बसा. तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुकेंद्राचा सोव्हिएत संघाशी करार १९८८ चा. मध्येच तो देश फुटला. बांधकाम २००२ मध्ये सुरू झालं, पहिली भट्टी २०१३ मध्ये ग्रीडला, म्हणजे देशाच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याला जोडली गेली आणि व्यावसायिक उत्पादन सुरू झालं २०१४ च्या शेवटच्या दिवशी. सहीपासून सव्वीस वर्षं. कराराच्या वर्षी जन्मलेलं पोर तोवर बापाच्या जोडीने शेत करायला लागलेलं असतं, एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याला काळाचा अंदाज येतो.

तारखा पाठ करण्याऐवजी या पाच पायऱ्या फळ्यावर काढा, आणि बातमी आली की तिच्यासमोर खूण करा. 'ऐतिहासिक' हा शब्द वाचताना मी गाळते. त्याने पायरी बदलत नाही.

३. मेगावॅटचा हिशेब मोटरवर करून दाखवा. मेगावॅट म्हणजे ताकद, युनिट म्हणजे झालेलं काम. एक मेगावॅट तासभर चालला की हजार युनिट होतात. पाच एचपीची मोटर तासाला पावणेचार युनिट खाते, म्हणजे गळती सोडून एका मेगावॅटवर अडीचशेच्या वर मोटरी चालतात. मोठे आकडे चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राशी ताडून बघा. ते २९२० मेगावॅटचं आहे, जैतापूरचा मूळ आराखडा ९९०० चा, म्हणजे तीन चंद्रपूरपेक्षा जास्त. चंद्रपूरची धुराडी सगळ्यांनी पाहिलेली असतात, त्यामुळे पुढे समजावत बसावं लागत नाही.

४. इंधन आणि भट्टी यांची गल्लत करू नका. भट्टी यायला दशकं लागतात, युरेनियम लवकर येतं. २००८ च्या कराराचा खरा उपयोग इथे झाला, आणि तो सांगायला लोक विसरतात. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने तारापूर अणुकेंद्राच्या इंधनाचा हात आखडता घेतला होता. पुढे देशातलं युरेनियम पुरेना, म्हणून आपल्याच भट्ट्या कमी क्षमतेने चालवाव्या लागत होत्या. सूट मिळाल्यावर रशिया, कझाकस्तान इथून इंधन आलं. २०१५ मध्ये कॅनडाच्या कंपनीशी पाच वर्षांत तीन हजार टनांहून जास्त युरेनियम घेण्याचा करार झाला. म्हणून करारातून काहीच मिळालं नाही, असंही गावात सांगू नका. तेही तेवढंच चुकीचं आहे.

५. अपघात झाला तर भरपाई कुणाची, हा परिच्छेद शोधा. भोपाळ आठवणारी पिढी हे विचारतेच. २०१० च्या कायद्यात केंद्र चालवणाऱ्यावर १५०० कोटींपर्यंतची जबाबदारी होती, आणि यंत्र सदोष निघालं तर पुरवठादाराकडून वसुलीची वाट ठेवली होती. परदेशी कंपन्यांशी बोलणी वर्षानुवर्षं याच कलमावर अडली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' विधेयक मंजूर केलं आणि १९६२ चा अणुऊर्जा कायदा व २०१० चा हा कायदा, या दोन्हींची जागा त्याने घेतली. म्हणून लेखाची तारीख आधी बघा. जुना लेख वाचून आजचं उत्तर देऊ नका.

६. वाचून झाल्यावर डीपीच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्या. अणुकेंद्राची वीज ग्रीडमध्ये जाते, तिथून राज्यांना वाटून मिळते. शेतात दिवसा लाइन येणं उपकेंद्रावर आणि कृषी फिडरवर, म्हणजे शेतीला वीज नेणाऱ्या वाहिनीवर अवलंबून असतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे. आपला फिडर तिच्यात आहे का, हे महावितरणच्या उपविभाग कार्यालयात विचारता येतं. जाताना वीजबिल बरोबर न्या आणि फिडरचं नाव डीपीवरून उतरवून घ्या. तिथे नसेल तर लाइनमन भाऊंना विचारा. तोंडी विचारून परत येऊ नका, अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आमच्याकडे ती पोच त्याच फळ्याशेजारी टाचून ठेवलेली असते.