एका आढ्याखाली तीन चुली: कोकणातलं मोठं घर वाटताना

घर वाटायचं ठरलं की लोक आधी गवंड्याला बोलावतात. तुम्ही आधी घर मोजा. खणाखणाने नकाशा काढा आणि भार पेलणाऱ्या चिऱ्याच्या भिंती, खांब, तुळया लाल पेनाने दाखवा. त्यांना हात लावायचा नाही, हे सगळ्यांसमोर ठरू दे.

वाटणीची रेघ पुढून मागे न्या. पुढचा भाग एकाला नि मागचा दुसऱ्याला दिला, तर एक जण परसदाराला मुकतो, दुसरा ओटीला. उभ्या रेघेने प्रत्येकाला ओटीचा तुकडा, माजघराचा खण आणि मागचं दार मिळतं. आडोशाची नवी भिंत चिऱ्याची नको, खाली तिला पाया नसतो. लाकडी चौकटीवर फळ्या पुरतात. मात्र ती माळ्यावरून थेट कौलांपर्यंत न्या, नाहीतर चुलीचा धूर आणि रात्रीचं बोलणं पलीकडे जातं.

जुनी दारं उखडू नका. राजापूरजवळच्या आमच्या घरात माजघरातलं फणसाचं दार काकांच्या बाजूने फळ्या लावून बंद केलं. फळ्या खिळ्यांनी न ठोकता स्क्रूने बसवल्या. चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्या निघतात, आणि विसर्जनापर्यंत आरतीला सगळं घर एका माजघरात उभं राहतं. देवघर, खळं, विहीर सामाईकच ठेवा.

संडास-न्हाणी मागच्या पडवीला जोडून, त्याच उताराच्या कौलांखाली बांधा. शोषखड्डा विहिरीपासून किमान 50 फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा, कारण जांभ्यातून पाणी सहज झिरपतं. जुन्या भिंतींना गिलावा चुन्याचाच द्या, सिमेंटने ओल आत कोंडते.

छप्पर मात्र वाटू नका. एकाने आपल्यापुरता स्लॅब घातला की पहिल्याच पावसात सांध्यातून पाणी शेजारच्या माजघरात येतं. मृगाआधीची शाकारणी, म्हणजे कौलांची डागडुजी, कोणी करायची, खर्च कसा वाटायचा, हे वाटणीपत्रातच लिहा.

वाटणीपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवा. बहिणींना विसरू नका: हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित घरात मुलींचा हक्क मुलांएवढाच आहे. मग ग्रामपंचायतीत नमुना 8 वर घरपट्टीची नोंद वेगळी करून घ्या. बांधकामाची परवानगीही तिथेच विचारा. घर किनाऱ्याला किंवा खाडीला लागून असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांची, चौकशी कुदळ मारण्याआधी करा.

वीजमीटर वेगळे झाले की ते बाजूच्या पडवीत लावायला सांगा, ओटीच्या दर्शनी भिंतीवर नको.